मिस्सा, मिठागरं आणि मतदार यादी : वसईतल्या एका ख्रिस्ती पोराला राजकारण कसं कळायला लागलं

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्ध्यावर ऐकणं सुटलं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे 'अं... म्हणजे...' होतं ते काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजच्या विषयाचं निमित्त साधं आहे. ऑफिसात डबा खाताना मला आजवर तीन प्रश्न अनेकदा विचारले गेलेत. पहिला, 'तू ख्रिश्चन आहेस तर मग एवढं चांगलं मराठी कसं?' दुसरा, 'तुमचे फादर सांगतात त्यालाच तुम्ही मत देता ना?' आणि तिसरा, जो हसत हसत विचारला जातो, 'चिमाजी अप्पांच्या लढाईत तुम्ही लोक कुठल्या बाजूला होतात?' विचारणारे वाईट नसतात. त्यांना खरंच माहीत नसतं. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच पोरांनाही उत्तरं माहीत नसतात. म्हणून आज ही उत्तरं जरा नीट लावून सांगतो. दिनक्रमापासून सुरू करू, मग वाचन, मग राजकारण. माझ्याबाबतीत क्रम तोच होता.

आधी ओळख

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार होते. म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी. त्यात मुंबईचे ईस्ट इंडियन, गोव्याकडून आलेले, केरळचे, अहिल्यानगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती, आणि आम्ही वसईकर. वसईतही पुन्हा प्रकार आहेत. मी सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे ज्यांना 'कुपारी' म्हणतात त्यातला. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं सांगतात. बाप्तिस्म्यातून जोडलं जाणारं नातं, असा त्याचा अर्थ.

घरात आम्ही सामवेदी बोलतो, तिला कादोडीही म्हणतात. चर्चमध्ये प्रमाण मराठी, लोकलमध्ये हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी. रोज सकाळी साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत माझ्या चार भाषा होतात. आजी अजूनही चर्चला 'देऊळ' म्हणते, आणि त्यात तिला काहीही वावगं वाटत नाही.

चिमाजी अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकतो. पोर्तुगीजांकडे वसई आली १५३४-३५ च्या सुमारास आणि मराठ्यांनी ती जिंकली १७३९ मध्ये. पोर्तुगीज सत्ता गेली, सरदार-अधिकारी गेले. माझ्यासारख्यांचे पूर्वज मात्र वाड्या कसणारी माणसं. ती कुठे जाणार? राज्य बदललं तरी केळीला पाणी घालावंच लागतं. म्हणजे आम्ही लढाईच्या 'बाजूला' होतो. बाजूच्या वाडीत.

घरचा दिनक्रम म्हणाल तर तुमच्यासारखाच आहे. बाबा पहाटे वाडीत जातात. पानवेल, केळी, थोडी फुलं. फुलांच्या टोपल्या पहिल्या गाड्यांनी दादरला जातात. मी त्यानंतरच्या गाडीने अंधेरीला. फरक असलाच तर कॅलेंडरचा. नाताळ तुम्हाला माहीत असतोच. पण त्याहून मोठा काळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, उपवासकाळ. भस्म बुधवारी आणि त्या काळातल्या शुक्रवारी मांस खायचं नाही. मासे चालतात. वसईत राहून मासे चालतात म्हटल्यावर उपवास कितपत कडक होतो ते तुम्हीच ठरवा!

रविवारचं वाचन

आता वाचनाकडे येतो. आमच्या रविवारच्या मिस्सात बायबलमधली तीन वाचनं आणि एक स्तोत्र असतं. ती फादर त्या दिवशी मनाने निवडत नाहीत. तीन वर्षांचं एक चक्र ठरलेलं आहे, त्याला अ, ब आणि क वर्ष म्हणतात. अ वर्षात मुख्यतः मत्तय, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. त्यामुळे एखाद्या रविवारी वसईत जो उतारा वाचला जातो, तोच नागपुरात, कोचीत आणि ब्राझीलमध्येही वाचला जातो. जगभर एकाच वेळी निघणारं रिलीज म्हणा ना.

पहिली दोन वाचनं लोकांमधलंच कोणीतरी करतं. आमच्या गावात युवकांची पाळी लागते, त्यात मी आहे. मोठ्याने वाचायचं तर आधी घरी तीन-चार वेळा वाचावं लागतं, नाहीतर एखाद्या हिब्रू नावावर जीभ अडखळते आणि मागच्या बाकावरची मुलं हसतात.

२०२५ हे क वर्ष होतं. सप्टेंबरच्या २१ तारखेचं पहिलं वाचन होतं आमोस या संदेष्ट्याचं. आमोस हा मेंढपाळ, येशूच्या साडेसातशे वर्षं आधीचा. त्याचा राग कोणावर? सण कधी एकदा संपतो आणि दुकान कधी उघडतो याची वाट बघणाऱ्या, मापात मारणाऱ्या आणि गरिबाला कवडीमोलाने विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर. पुढच्या रविवारी पुन्हा आमोस. या वेळी लक्ष्य होते मऊ गाद्यांवर लोळणारे आणि लोकांच्या विनाशाचं काहीही न वाटणारे श्रीमंत. हे वाचत असताना गावात महापालिका निवडणुकीची चर्चा सुरू झाली होती आणि जमिनीचे दलाल फटफटीवरून फिरत होते. मी काहीही जोडलं नाही. ते आपोआप जोडलं गेलं.

घरात पुस्तकं फार नव्हती, पण 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अनेक वर्षं त्याचे संपादक होते. 'सुबोध बायबल'साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावरचे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. सुवार्तातून मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पर्यंत पोहोचलो, तिथून पंडिता रमाबाईंपर्यंत आणि मग मागे मागे जात १६१६ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पर्यंत. इंग्लंडहून आलेल्या एका जेझुइटाने मराठी ओव्यांत लिहिलेलं पुराण! 'ख्रिश्चन असून मराठी कसं' या प्रश्नाचं उत्तर चारशे वर्षांपूर्वीच छापून ठेवलेलं आहे.

बावखल नावाचा धडा

आता राजकारण. माझ्यासाठी ते पक्षांच्या झेंड्यांनी सुरू झालं नाही. ते पाण्याने सुरू झालं.

वसईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि दक्षिणेला वसईची खाडी. म्हणजे तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला उतार. डोंगरावर पडलेला पाऊस पूर्वेकडून पश्चिमेकडे येणार हे उघड आहे. मध्ये आडवी रेल्वे, उत्तर-दक्षिण, भराव टाकून बांधलेली. पाण्याला जायला तिच्याखालचे नाले, पुढे मिठागरं, पाणथळ जमिनी आणि आमच्या वाड्यांमधली बावखलं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. पूर्वी त्यावर रहाट असायचे. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आणि विहिरींना गोडं पाणी मिळायचं. समुद्र इतका जवळ असताना विहिरी खाऱ्या होत नव्हत्या, त्याचं मोठं कारण हे. म्हणजे एकच रचना दोन कामं करत होती: पावसाळ्यात पूर सामावणं आणि उन्हाळ्यात खारं पाणी रोखणं. जो इंजिनिअर हे ऐकेल तो म्हणेल, वा, काय सुंदर डिझाइन आहे!

मग बावखलं बुजवली गेली. कोणी कचऱ्याने, कोणी भरावाने, कोणी घर बांधायला. मिठागरांच्या बाजूला इमारती आल्या. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे बघितला तर छोटा आहे. पण सिस्टम एकच आहे. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-नालासोपाऱ्यात जे पाणी भरलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. रुळांवर पाणी, पश्चिम रेल्वे ठप्प, लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं, मिठागरात माणसं अडकली. आमच्या ओटीवर पाणी होतं. कॉलेजची सुट्टी मिळाली म्हणून खूश व्हायचं वय होतं, पण फ्रिज टेबलावर चढवताना बाबा जे म्हणाले ते लक्षात राहिलं: 'पाऊस तोच हाय रे, पाण्याची जागा गेली.'

पाण्याची जागा कोणी नेली? म्हणजे कोणाच्या सहीने? हा माझा पहिला राजकीय प्रश्न.

सही कोणाची?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण सोडू नका. आपल्याकडे बहुतेकांना पंतप्रधानांचं मत पाठ असतं आणि आपल्या प्रभागाचा नंबर माहीत नसतो.

वसई भागात आधी ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा होत्या. १९९० मध्ये राज्य सरकारने सिडकोला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे बांधकाम कुठे होणार, किती होणार, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक निवडून आलेल्यांकडून सरकारी महामंडळाकडे गेला. त्याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून, फादर दिब्रिटो आणि इतरांनी हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी केली होती. हिरवा पट्टा वाचवा, पाण्याचा अतिउपसा थांबवा, ही मागणी. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, मुसलमानही होते. विहीर खारी होताना धर्म विचारत नाही.

२००९ च्या ३ जुलैला वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र केली. अनेक गावांना हे नको होतं. मी तेव्हा शाळेत होतो, मोर्चे आठवतात. गावं वगळण्याची मागणी इतकी तापली की त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईचा निकालच त्या प्रश्नावर लागला आणि विवेक पंडित आमदार झाले. पुढे २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचा निर्णय घेतला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं रखडलं.

आता तुम्ही म्हणाल, महापालिका झाली तर वाईट काय? रस्ते येतील, दवाखाने येतील. बरोबर आहे, आणि आमच्याच गावात असं म्हणणारे लोक आहेत. मुद्दा वेगळा आहे. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तर लहान पोरालाही माहीत. माझी आजी, जी कधी शाळेत गेली नाही, ती ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला विचारू शकायची. महापालिकेत तसं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, पण तिथे मुख्यतः नगरसेवक बसतात. आजीचा आवाज आता नगरसेवकामार्फतच जाणार.

आणि नगरसेवकच नसेल तर? २०१५ ला निवडून आलेल्या महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली. तेव्हा कोरोना होता, नंतर ओबीसी आरक्षणाचं आणि प्रभागरचनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं. राज्यातल्या बहुतेक महापालिकांचं असंच झालं. थेट २०२६ च्या जानेवारीत मतदान झालं. म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ १२ लाखांपेक्षा मोठ्या शहराचा कारभार प्रशासक बघत होते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान पोरं अशी आहेत, जी १८ ची झाली, नोकरीला लागली, आणि तोपर्यंत त्यांनी एकदाही नगरसेवकासाठी मत दिलं नव्हतं.

त्यात आणखी एक गंमत. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक. आमच्याकडे या वेळी बहुसदस्यीय पद्धत होती: ११५ नगरसेवक आणि फक्त २९ प्रभाग. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा, तिथल्या प्रत्येक मतदाराला चार मतं, प्रत्येक जागेसाठी एक. माझ्या आजीचा पहिला प्रश्न होता, 'चारी मतं एकालाच दिली तर?' नाही चालत, आजी. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे. प्रभाग मोठा झाला की छोट्या गावाचा प्रश्न त्यात विरघळतो, आणि खर्च परवडणाऱ्या पक्षाला चार जणांचं पॅनेल लावणं सोपं जातं. उलट बाजूही आहे. आरक्षण असूनही प्रत्येक मतदाराला चार वेगळ्या माणसांकडे जायची सोय राहते. मला स्वतःला एक प्रभाग एक नगरसेवक ही पद्धत बरी वाटते, कारण नाला तुंबला की चौघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

फादर सांगतात का?

आता डब्याच्या वेळचा दुसरा प्रश्न. फादर मत कोणाला द्यायचं ते सांगतात का?

तीन गोष्टी वेगळ्या करू. एक, कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, त्यानुसार धर्मगुरूंना सत्तेचं सार्वजनिक पद घेता येत नाही. म्हणून फादर नगरसेवक झालेले दिसत नाहीत. दोन, देशाचा कायदा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्टाचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. २०१७ च्या २ जानेवारीला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा अर्थ आणखी व्यापक केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. तो खटला आपल्याच मुंबईतला, सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून उभा राहिलेला.

तीन, प्रत्यक्षात काय होतं. निवडणूक आली की प्रवचनात 'मतदान करा, पैसे घेऊन करू नका, विवेकाने करा' एवढं येतं. एखादे फादर गप्पांमध्ये याहून पुढे जात असतील, तसे प्रत्येक समाजात वडीलधारे जातात. पण आमच्या एका घरात चार माणसं तीन पक्षांना मत देतात आणि जेवताना भांडतात. ज्यांना वाटतं की ख्रिस्ती मतं गठ्ठ्याने पडतात, त्यांनी एकदा आमच्याकडे जेवायला यावं.

आधीची माणसं

वाचनातून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, 'आपण अल्पसंख्य, आपण कशाला पडा' या वाक्याला खोटं पाडणारी माणसं.

काका बॅप्टिस्टा घ्या. जोसेफ बॅप्टिस्टा, जन्म १८६४, माझगाव. घराणं मूळचं उत्तनचं, म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडचं. पुण्यात इंजिनिअरिंग शिकले. (हो, आधी इंजिनिअर आणि मग दुसरंच काहीतरी, ही परंपरा जुनी आहे.) मग केंब्रिज, बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे सहकारी. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टा. गिरणी कामगारांसाठी काम केलं आणि १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. तिथे फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

पंडिता रमाबाईंना आपण विधवांसाठीच्या कामाबद्दल ओळखतो. पण १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देऊन भारतीय बायकांना स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावणाऱ्या त्याच, आणि १८८९ च्या काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनातल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींमध्येही त्या होत्या. शिवाय आयुष्याच्या शेवटी मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर. एका माणसाला एवढं पुरे.

आणि संविधान सभा. तिचे उपाध्यक्ष होते बंगालचे हरेंद्र कुमार मुखर्जी, धर्माने ख्रिस्ती. १९४७ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा ठेवण्याचा विचार पुढे होता. १९४९ च्या मे महिन्यात तो मागे घेतला गेला, आणि तो ठराव मांडला मुखर्जींनीच. विचार असा की आपण वेगळ्या जागांवर नाही, सगळ्यांच्या बरोबरीने निवडून यावं. बरेच जण इथे अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनिर्देशित जागांशी गल्लत करतात. त्या जागा वेगळ्या होत्या, एका विशिष्ट समाजासाठी, आणि २०२० मध्ये त्याही संपल्या. म्हणजे आज ख्रिस्ती म्हणून कोणालाही लोकसभेत किंवा विधानसभेत राखीव जागा नाही. जे काही करायचं ते सगळ्यांमध्ये मिसळून, सगळ्यांच्या प्रश्नांवर.

'आम्ही' म्हणजे कोण?

एवढं सांगून थांबलो असतो तर सोयीचं झालं असतं. पण एक गोष्ट राहते.

माझ्याकडे वाडी आहे, सात-बारा आहे. वसईतल्या माझ्यासारख्यांचं राजकारण जमिनीभोवती फिरतं. अहिल्यानगर किंवा जालन्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. त्यांच्यासाठी मुख्य प्रश्न वेगळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. यावरची याचिका २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. विरोधातला युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीचा दर्जा कसा? बाजूचा युक्तिवाद असा की धर्म बदलला म्हणून गावाने वागणूक बदलली नाही.

मी कुठे उभा आहे? दुसऱ्या बाजूला. कारण धर्मग्रंथात जात नसणं आणि गावात जात नसणं या दोन गोष्टी आहेत, आणि मिस्साला एका बाकावर बसणारी आपली माणसं लग्न ठरवताना काय विचारतात ते मला ऐकू येतं. 'ख्रिस्ती समाजावर अन्याय होतो' असं बोलताना समाजाच्या आत कोण कोणावर करतं, हेही बोलावं लागेल. आमोस काही परक्यांवर चिडला नव्हता. तो स्वतःच्याच लोकांवर चिडला होता.

तर आता काय करायचं?

प्रवचन नको, कामाच्या गोष्टी सांगतो. या सगळ्या कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही गावच्या माणसाला लागू आहेत.

एक, मतदार यादीत आपलं नाव आज फोनवर शोधा. निवडणुकीच्या आदल्या रात्री नाही. नाव असेल, पण दुसऱ्याच प्रभागात गेलेलं असेल. प्रारूप यादीवर हरकत घ्यायला मुदत असते, ती संपली की रडून उपयोग नाही.

दोन, प्रभागरचनेचा आराखडाही आधी प्रारूप म्हणून निघतो आणि त्यावर हरकती मागवतात. दोन ओळींचा अर्जसुद्धा नोंदला जातो.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं, विकास आराखडा. वसई-विरारचा आधीचा आराखडा २०२१ पर्यंतचा होता. असा आराखडा वीस वर्षं तुमच्या गल्लीचं भवितव्य ठरवतो. एमआरटीपी कायदा, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा जाहीर झाला की कोणताही नागरिक सूचना-हरकती देऊ शकतो, आणि समितीसमोर सुनावणी मागू शकतो. तुमच्या वाडीतलं बावखल नकाशात पाण्याची जागा म्हणून दाखवलंय की रहिवासी विभाग म्हणून, हे बघायला डिग्री लागत नाही. डोळे आणि एक दुपार लागते.

आमच्या गावातल्या सात-आठ पोरांनी सध्या हेच काम घेतलंय. त्यात चार ख्रिस्ती, बाकीचे आगरी, भंडारी आणि एक उत्तर प्रदेशहून आलेला मित्र, ज्याचं घर दर पावसाळ्यात आमच्याआधी बुडतं. रविवारी मिस्सानंतर आणि त्याच्या क्रिकेटच्या आधी आम्ही फिरतो. फोनच्या जीपीएसवर शिल्लक बावखलं टिपतो. म्हाताऱ्या माणसांना विचारून बुजलेली टिपतो. साधी शीट आहे, कुठलंही भारी ॲप नाही. आतापर्यंत बुजलेल्यांचा कॉलम लांब आहे. शिल्लक असलेल्यांचा छोटा, पण रिकामा नाही.

एवढंच आजच्यासाठी. तुमच्या गावात पाण्याची जागा कुठली होती आणि तिथे आता काय आहे, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. उत्तर आलं की आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूच!